लेकफ्रंटवरचा निरोप

१

छत पडलं तेव्हा ते कोणामुळे पडलं, हा प्रश्न मिलवॉकीत फारसा कोणाला पडलाच नाही. उत्तर आधीच तयार होतं. ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, तो माणूस आता बोलू शकत नव्हता.

१९८६चा ऑक्टोबर होता. लेक मिशिगनच्या काठावर, जिथे एके काळी कोळशाचे ढीग आणि मालगाड्यांचे रूळ होते, तिथे शहर एक उघडं संगीतगृह बांधत होतं. शिंपल्यासारखं पुढे झुकलेलं काँक्रीटचं छत, त्याखाली रंगमंच, समोर हिरवळ. एका बुधवारी सकाळी कामगारांनी छताखालचे टेकू काढले आणि दुपारी छताची पुढची कड खाली आली. दोघांचे पाय मोडले. नशीब, जीव कोणाचा गेला नाही.

त्या छताचं डिझाइन केलेले इंजिनीअर श्रीरंग परुळेकर त्याच दिवशी पहाटे टेक्सासमध्ये, शुगर लँडला, धाकट्या भावाच्या घरी झोपेतच गेले होते. भावाची बायपास झाली होती म्हणून त्याला बघायला गेले होते. भाऊ राहिला, बघायला गेलेला गेला. छत पडलेलं त्यांना कधी कळलंच नाही.

त्यांची मुलगी सुलेखा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करायची. आता ती मिलवॉकीला आईजवळ येऊन राहिली होती. दिवसवार झाले, माणसं येऊन गेली, आणि एका सोमवारी गुरुदत्त सामंत आले. श्रीरंग आणि गुरुदत्त पुण्याच्या कॉलेजपासूनचे मित्र. मिलवॉकीतलं ऑफिसही दोघांनी मिळून काढलेलं. सुलेखा त्यांच्या खांद्यावर बसून फोर्थ ऑफ जुलैचे फटाके बघत मोठी झाली होती.

चहाचा कप ते हातात नुसता फिरवत राहिले.

"शैलावहिनी, शुक्रवारी चौकशी संपते आहे," शेवटी ते म्हणाले. "शेवटची बैठक. रिपोर्टमध्ये श्रीचं नाव येणार. मंगळवारी संध्याकाळी त्याने शुगर लँडहून डायरेक्ट साइटवर फोन केला आणि टेकू काढायला सांगितलं. मी शब्द जमतील तेवढे सौम्य करून घेतलेत. 'निर्णयातली चूक' एवढंच म्हणतील."

"म्हणजे चूक त्यांचीच," आई म्हणाली.

"संगीतगृहाच्या पाटीवर त्याचं नाव घालू देणार नाहीत आता. मी भांडलो वहिनी, पण..."

"गाडी लॉक केली की नाही हे बघायला पार्किंगमधून दोनदा मागे फिरणारा माणूस तो," आई शांतपणे म्हणाली. "मॉलमध्ये माझी आईस्क्रीमं वितळायची. ते टेकू काढा म्हणतील, भाऊजी? न बघता?"

"माणूस थकतो, वहिनी."

त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. गुरुदत्तकाका या घरातला चहा टाकून गेले, असं सुलेखाने कधी पाहिलं नव्हतं.

२

गुरुदत्तकाका गेल्यावर सुलेखा लेकच्या काठावर, साइटवर गेली. लहानपणी बाबा दर रविवारी तिला इथे आणायचे. "लेकीला घेऊन लेकवर चाललोय," हा त्यांचा विनोद. तो एकटे तेच हसून साजरा करायचे. तेव्हा बघण्यासारखं काही नसायचं. कोळशाची भुकटी, गंजलेले डबे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की शहरभर पसरणारा ब्रुअरीच्या माल्टचा वास. बाबा वेंगुर्ल्याचे. एवढं पाणी आणि त्याला खारा वास नाही, हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. "मिठाशिवाय पिठलं," ते म्हणायचे. मग कोळशाच्या ढिगाकडे बोट दाखवून सांगायचे, इथे झाडं येतील, इथे बाकं, इथे लोक गाणं ऐकायला बसतील. तिला ते खोटं वाटायचं. पण त्यांचा हात फिरायचा तिथे तिला झाडं दिसायचीही.

आता झाडं खरंच आली होती, काठीला बांधलेली, कोवळी. मोडलेल्या छताभोवती कुंपण होतं.

साइटचा सुपरिंटेंडंट लेन नोव्हाक ट्रेलरच्या पायरीवर बसून सँडविच खात होता. पन्नाशीचा, रुंद, थंडीने गाल लाल झालेला. तिला बघून तो उठला आणि हातातल्या सँडविचचं काय करावं ते न सुचून त्याने ते खिशात घातलं.

"श्रीची मुलगी ना तू? नाक तेच आहे."

लायब्ररीच्या चौकशी खिडकीवर बसून सुलेखाला एक गोष्ट कळली होती. माणसं खोटी उत्तरं फार कमी देतात. बहुतेक वेळा प्रश्नच चुकलेला असतो. म्हणून तिने विचारलं, "त्यांनी तुला नेमकं काय विचारलं, लेन? चौकशीवाल्यांनी?"

"विचारलं, टेकू कोणाच्या हुकमाने काढले. मी म्हटलं, श्रीच्या."

"बाबांनी तुला फोन केला होता?"

"श्रीने? नाही." तो गोंधळला. "श्रीचा फोन असता तर आधी विचारलं असतं, लेकचा मूड कसा आहे. पंधरा मिनिटं वाऱ्यावर बोलल्याशिवाय तो कामावर यायचाच नाही. फोन तुमच्या ऑफिसातून आला. बाईचा आवाज."

"कोण बाई?"

"नाव नाही विचारलं. चांगली बातमी देणाऱ्याचं नाव कोण विचारतं? म्हणाली, टेस्टचे सिलिंडर परवाच ब्रेक झालेत, सगळं ओके आहे, कामाला लागा." त्याने कपाळ खाजवलं. "एक मात्र आठवतं. ती म्हणाली, 'काका सेज ओके.' मी विचारलं, हा काका कोण? नवीन लॅबवाला? तर हसली आणि म्हणाली, नाही नाही, श्री."

सुलेखा लेककडे बघत राहिली. ऑफिसात फोन उचलणाऱ्या बायका दोनच होत्या. रिसेप्शनवरची डोना बाबांना 'मिस्टर पी' म्हणायची. आणि त्यांना काका म्हणणारी सगळ्या ऑफिसात एकच होती, गुरुदत्तकाकांची मुलगी नीला.

३

नीला चोवीस वर्षांची. जन्म मिलवॉकीचा, नुकतीच इंजिनीअर झालेली. बाबांनी तिला कामावर घेतलं तेव्हा किती खूश होते ते सुलेखाला आठवत होतं. आपली मुलगी पुस्तकांकडे गेली, निदान मित्राची तरी काँक्रीटकडे आली. छत पडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नीलाची बदली शिकागोच्या एका कामावर झाली होती. मंगळवारी सुलेखा ड्राइव्ह करत तिकडे गेली.

साइटजवळच्या डायनरमध्ये नीला समोर बसली आणि काही बोलायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"सुलेखाताई, आय नो. फ्युनरलला मला तुझ्याशी बोलायचं होतं. पण डॅड म्हणाले, नको."

"काय नको?"

"मी फोन घेतला होता ते सांगायला नको. डॅड म्हणाले, तू बोललीस तर काकांचं नाव आणखी खराब होईल. आता कसं, की काकांनी फोनवर घाईत सांगितलं. पण मी सांगितलं की त्यांनी टेस्टबद्दल चुकीची माहिती दिली, तर दॅट्स वर्स. ते लायिंग वाटेल. काका वुड नेव्हर लाय."

नीलाला वाटत होतं की ती बाबांना वाचवते आहे. सुलेखाने कॉफीचा घोट घेतला.

"फोनवर काय झालं, सांग."

"डॅड मीटिंगमध्ये होते. काकांचा फोन आला. मी विचारलं, काका, लेन टेकूंबद्दल विचारतोय, आर वी ओके? ते म्हणाले, सिलिंडर्स डे बिफोर यस्टरडे ब्रेक झाले, ओके. मग भावाबद्दल म्हणाले, बाळकाका आता इडली खातोय, छान आहे. बस. दॅट वॉज इट. मी लेनला कॉल केला."

ज्या दिवशी छताचं काँक्रीट ओततात, त्याच दिवशी तेच काँक्रीट डब्यांच्या आकाराच्या साच्यांत भरून ठेवतात. त्याला सिलिंडर म्हणायचं. ठरलेल्या दिवशी लॅबमध्ये ते यंत्राखाली दाबून फोडतात. ते किती भाराला फुटतं, यावरून छत स्वतःच्या पायावर उभं राहील का ते कळतं. ते कळल्याशिवाय टेकूला हात लावायचा नाही. सुलेखाला हे माहीत होतं. बाबांनी तिला जेवणाच्या टेबलावर हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आई आमटी वाढताना विचारायची, "ब्रेक झालं का तुमचं? मग जेवा."

"काका इंग्लिशमध्ये बोलले?" तिने विचारलं.

"नाही, मराठीत. म्हणजे काकांची मराठी, यू नो, हाफ-हाफ."

"शब्द आठवतात? जसेच्या तसे?"

नीला विचार करत राहिली. मग मान हलवली.

"मीनिंग आठवतं. ताई, मी ऐकते मराठीत, पण आठवते इंग्लिशमध्ये."

४

परतीच्या वाटेवर सुलेखाने मनाशी मांडणी केली. फोन मंगळवारी संध्याकाळी आला होता. नीलाच्या म्हणण्याप्रमाणे सिलिंडर 'डे बिफोर यस्टरडे', म्हणजे रविवारी, ब्रेक झाले होते.

बुधवारी सकाळी तिने लॅबला फोन लावला.

"रविवारी?" तिकडचा माणूस हसला. "मॅडम, रविवारी पॅकर्सची फुटबॉल मॅच असते. इथे कुत्रंसुद्धा नसतं. ते सिलिंडर गुरुवारचे होते. श्रीने स्वतः ठरवलेला दिवस. म्हणाला होता, तळ्याकाठी थंडी जास्त, काँक्रीट उशिरा जोर धरतं, थोडं थांबू. म्हणालेला, मी स्वतः येतो बघायला. गुरुवारी तो आला नाही. का ते नंतर कळलं."

म्हणजे लॅब रविवारी बंद होती आणि गुरुवार बाबांनीच ठरवलेला होता. ज्याने गुरुवार ठरवला, तो रविवारी टेस्ट झाली असं सांगणार नाही. मग नीला खोटं बोलत होती का? पण खोटं बोलणारी मुलगी ज्याच्यावर आळ घालते त्याच्यासाठी रडत नाही. आणि नोव्हाकलाही तिने त्या संध्याकाळीच तेच सांगितलं होतं, छत पडायच्या आधी. तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे दोन माणसं खरं बोलत होती आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी छत पडलं होतं.

फोनच्या दुसऱ्या टोकाला एक तिसरा माणूसही होता. तिने शुगर लँडला फोन लावला.

"बाळकाका, कसे आहात?"

"कसा असणार. तुझी काकू पालेभाजीवर ठेवते आहे. गाय झालोय." मग आवाज उतरला. "बोल गं."

"त्या मंगळवारी बाबांनी ऑफिसला फोन केला. तुम्ही तिथे होता?"

"समोरच होतो. सोफ्यावर पडून टीव्ही बघत होतो. त्याने मला टीव्हीचा आवाज कमी करायला लावला, म्हणून राग आला होता. शेवटचा राग. इडली खातोय म्हणून चुगली केली माझी."

"आणि कामाचं काय म्हणाले? शब्द आठवतात?"

"न आठवायला काय झालं? तो माणूस गेला त्या रात्री, सुलू. मी त्याचं सगळं बोलणं रोज ऐकतो." त्यांनी घसा साफ केला आणि बाबांच्याच ठसक्यात म्हणाले, "'सिलिंडर्स ब्रेक परवा. देन ओके.' बस एवढंच."

सुलेखा उभी होती, ती खुर्चीवर बसली.

"काका, परवा म्हणजे कधी?"

"अगं, परवा म्हणजे परवा. आता मराठीही विसरलीस का अमेरिकेत? तो दुसऱ्या दिवशीचं विमान घेऊन निघणार होता ना. गुरुवारी लॅबला पोचायचं होतं त्याला."

५

गुरुदत्तकाकांच्या ऑफिसातून लेक दिसायचा. गुरुवारी दुपारी ते पाठमोरे उभे होते. सुलेखाने बोलायला सुरुवात केल्यावरही ते वळले नाहीत.

"बाबांनी साइटवर फोन केलाच नव्हता, काका. ऑफिसात केला. नीलाने घेतला. बाबा म्हणाले, 'सिलिंडर्स ब्रेक परवा, देन ओके.' फोनवर आपण असतो तर अर्थ विचारावाही लागला नसता. पण त्या वाक्यात मराठी क्रियापद नाही. 'ब्रेक झाले' असतं तर मागचं कळलं असतं, 'ब्रेक होतील' असतं तर पुढचं. क्रियापद इंग्लिश, त्याला काळ नाही, आणि परवा हा शब्द दोन्हीकडे तोंड असलेला. नीलाने तो घरात कसा ऐकला असेल? 'परवा आपण मंडळाच्या पॉटलक जेवणाला गेलो होतो ना', 'परवा वीणामावशी भेटली होती'. पुढचं सगळं तर तुम्ही तिच्याशी इंग्लिशमध्येच ठरवता. थर्सडे, सॅटर्डे. तिला परवा म्हणजे मागचाच माहीत. 'देन ओके' तिला 'मग काय, ओके' असं ऐकू आलं."

काकांचे खांदे किंचित खाली आले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"छत पडलं त्या संध्याकाळी," ते म्हणाले. "घरी आल्यावर नीलाने मला सांगितलं, काका सेड डे बिफोर यस्टरडे. मी तिथेच ओळखलं. रविवारी लॅब बंद असते, हे मला माहीत नाही होय? आणि श्री परवा कसा म्हणाला असेल तेही मला ऐकू आलं." ते वळले. चेहरा राखेसारखा झाला होता. "चाळीस वर्षं ऐकलाय तो आवाज मी."

"आणि तुम्ही त्यांचं नाव दिलंत."

"श्री गेला होता, सुलेखा. त्याला आता काय लागणार होतं? पण नीलाला अजून इंजिनीअरचं लायसन्स मिळायचंय. चोविसाव्या वर्षी छत पाडणारी मुलगी म्हणून तिला कोण उभं करेल? मी हिशोब केला. एक माणूस गेलेला, एक उभी राहायची आहे. श्री असता तर त्यानेही हेच केलं असतं. तिचं नाव स्वतःवर घेतलं असतं."

"घेतलं असतं कदाचित," सुलेखा म्हणाली. "पण ते त्यांनी घ्यायचं होतं. तुम्ही द्यायचं नव्हतं."

"माझी मुलगी आहे ती, बाळा."

"मीही मुलगीच आहे, काका."

खाली क्रेन मोडलेल्या छताचे तुकडे उचलत होती.

"मी उद्याच्या बैठकीत बोलू शकते," सुलेखा म्हणाली, "पण माझं बोलणं म्हणजे ऐकीव. बाळकाकांना अजून प्रवास करता येत नाही. आणि फोनच्या या टोकाला नीलाच होती. तिने सांगितलं तरच ते खरं धरतील. म्हणून काल रात्री मी तिला सगळं सांगितलं."

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. फोन ठेवला."

६

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं, इन्शुरन्सवाल्यांचे वकील होते, आणि कॉफीचा जळका वास होता. नोव्हाक टाय लावून आला होता. टाय त्याला फास लावल्यासारखा दिसत होता. गुरुदत्तकाका एका कोपऱ्यात बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती.

वकिलांनी कागद जुळवले. कोणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. सुलेखा उठणार, एवढ्यात दार उघडलं.

नीलाने कोटही काढला नाही. शिकागोहून ती धावतच आल्यासारखी दिसत होती. वडिलांकडे तिने बघितलं नाही. तिने सरळ सांगितलं की फोन तिने घेतला, निरोप तिने दिला, आणि निरोपातला एक शब्द तिला अर्धाच येत होता.

प्रश्न विचारणारा वकील सभ्य होता. त्याने शब्दाचं स्पेलिंग विचारलं. तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"मिस सामंत, मग या शब्दाचा अर्थ नेमका काय? मागचा दिवस की पुढचा?"

"दोन्ही," नीला म्हणाली. "आजपासून दोन दिवस लांब. कुठल्या बाजूला, ते बोलणारा माणूस माहीत असेल तर कळतं." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मला तो माणूस माहीत होता. टेस्ट न बघता ओके म्हणणारा तो नव्हता. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

तेव्हा गुरुदत्तकाका उठले. त्यांनी सांगितलं की हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि श्रीरंग परुळेकरांबद्दल आपण जे लिहून दिलं ते खरं नाही. ते इतक्या हळू बोलले की वकिलाला त्यांना पुन्हा बोलायला सांगावं लागलं. ते पुन्हा बोलले.

श्रीरंग परुळेकरांवर ठपका येणार नाही, एवढं त्याच दुपारी ठरलं. बाकीचं ठरायला अजून वेळ लागणार होता.

बाहेर पार्किंगमध्ये नीला स्वतःच्या गाडीत बसून होती. किल्ली हातात, गाडी बंद. सुलेखाने काचेवर टकटक केली.

"सरक. मी चालवते."

"कुठे?"

"घरी."

"काकूंसमोर मी येऊ शकत नाही, ताई. आय कान्ट."

"सरक," सुलेखा पुन्हा म्हणाली.

आईने दार उघडलं. दोघींना तिने आत घेतलं. स्वयंपाकघरात, गॅसशी उभी राहून, तिने सुलेखाकडून सगळं ऐकलं. नीला दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती.

सुलेखाचं सांगून झाल्यावर आईने गॅस बारीक केला.

"म्हणजे ते बरोबरच बोलले होते," ती म्हणाली.

"हो, आई."

"आणि हिने ऐकलं तेही बरोबरच ऐकलं होतं."

सुलेखाने नीलाकडे बघितलं.

"हो, आई. ऐकलं बरोबरच होतं."

आईने पदराने डोळे पुसले आणि कपाटाकडे वळली.

"मग पानं घ्या," ती म्हणाली. "तिघींची."